विषाणू कमी झाला, पण कशाने?

अमुक संयुग इन्फ्लुएंझावर चालतं, असं वाचनात आलं की बहुतेकांची नजर आधी ‘किती टक्के घट’ या आकड्याकडे जाते. तो आकडा मिळवणं सगळ्यात सोपं असतं. विषाणूला वाढायला धडधाकट पेशी लागते, त्यामुळे पेशीला बेजार करणारं काहीही पेशी वाढवलेल्या प्लेटमध्ये टाकलं तरी विषाणू घटतोच. साबणाच्या पाण्यानेही घटतो. घट नेमकी कशामुळे झाली आणि बाकीची कारणं कशी तपासून बाद केली, इथे खरं काम असतं. खाली लिहिलंय ते मुख्यतः या बाद करण्याबद्दल.

इन्फ्लुएंझाचं बरंचसं काम एमडीसीके पेशींवर चालतं. मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या मूत्रपिंडातून या पेशी मिळवल्या. विषाणू त्यांत जोमाने वाढतो, मात्र बाहेरून ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, द्यावं लागतं. विषाणूच्या पृष्ठभागावरचं हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन पेशीत एकसंध तयार होतं. त्याचे दोन तुकडे झाल्याशिवाय पुढच्या पेशीत शिरल्यावर त्याला एंडोसोमचं, म्हणजे विषाणूला आत घेणाऱ्या पेशीतल्या पिशवीचं, आवरण फोडता येत नाही. श्वसनमार्गात ही काटछाट तिथली विकरं करतात, एमडीसीकेमध्ये ती पुरेशी होत नाही. म्हणून मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) टीपीसीके-ट्रिप्सिन घालायचं, मिलिलिटरला १ ते २ मायक्रोग्रॅम. टीपीसीके हे रसायन लावलेलंच का? साध्या ट्रिप्सिनमध्ये कायमोट्रिप्सिनची भेसळ असते, ती टीपीसीकेने निकामी होते.

या ट्रिप्सिनचं सिरमशी, म्हणजे पेशी वाढवताना मीडियात घालतात त्या रक्तद्रवाशी, वाकडं आहे. सिरममध्ये ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात. म्हणून विषाणू घालण्याआधी पेशी पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) दोनदा नीट धुवायच्या आणि पुढे सिरमऐवजी ०.२ ते ०.३ टक्के बीएसए (गाईचा अल्ब्युमिन) असलेला मीडिया वापरायचा. धुण्यात आळस केला की प्लाक, म्हणजे विषाणूने पेशी मारून पाडलेले मोकळे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे येतात किंवा येतच नाहीत, आणि दोष मात्र विषाणूच्या स्टॉकला दिला जातो. उलट ट्रिप्सिन जास्त झालं तर पेशी तळापासून सुटतात आणि तो विषाणूचा परिणाम वाटतो. ट्रिप्सिनचा नवीन लॉट आला की विषाणूविना, फक्त पेशींवर आधी मात्रा तपासावी. छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवावेत, वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये, आणि मीडियात ट्रिप्सिन वापराच्या दिवशीच घालावं.

आता पहिला सापळा. वनस्पतींतली बरीच पॉलिफेनॉल, विशेषतः टॅनिन, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. असं संयुग मीडियातल्या ट्रिप्सिनलाच निकामी करत असेल, तर विषाणू सक्रिय होत नाही, प्लाक घटतात आणि निष्कर्ष निघतो ‘विषाणूरोधक’. विषाणूला तर संयुगाचा स्पर्शही झालेला नसतो. शहानिशा अवघड नाही. एकाच चक्राचा प्रयोग करायचा: आधीच काटछाट झालेला विषाणू जास्त प्रमाणात द्यायचा आणि ८ तासांनी पेशींतलं न्यूक्लिओप्रोटीन हे विषाणूचं प्रथिन मोजायचं. या पहिल्या फेरीत ट्रिप्सिनची गरजच नसते. अनेक फेऱ्यांच्या प्रयोगात परिणाम दिसतो आणि या एका फेरीत काहीच दिसत नाही, असं झालं तर ट्रिप्सिनवर संशय घ्यायला जागा आहे. सुटलेल्या नव्या विषाणूवर काम करणारं खरं औषधही असंच वागेल, म्हणून जोडीला नुसतं ट्रिप्सिन, त्याचं सब्स्ट्रेट (ते तोडतं तो पदार्थ) आणि संयुग एका नळीत घेऊन थेट बघावं. दुसरी वाट डब्ल्यूएसएन/३३ या विषाणूच्या स्ट्रेनची (वाणाची). तिचं न्यूरामिनिडेज हे पृष्ठभागावरचं विकर सिरममधल्या प्लास्मिनोजेन या प्रथिनाला धरून ठेवतं आणि काटछाट त्यातून भागते, ट्रिप्सिन लागत नाही.

संयुगाच्या बाटलीकडेही नीट बघायला हवं. शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर, एचपीएलसी आणि एनएमआर या रासायनिक चाचण्यांनी तपासलेली. नाहीतर परिणाम कुणाचा हेच कळत नाही. स्टॉक बहुधा डीएमएसओ या द्रावकात करतात आणि इथे साध्या गणितात लोक अडकतात. स्टॉक १० मिलिमोलर असेल आणि वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात, १०० मायक्रोमोलर हवं असेल, तर शंभरपट डायल्युशन होतं, म्हणजे वेलमध्ये १ टक्का डीएमएसओ. मर्यादा ०.५ टक्क्यांची पाळायची तर स्टॉक २० मिलिमोलरचा लागेल. शिवाय डायल्युशनची मालिका आधी डीएमएसओमध्येच करायची आणि प्रत्येक नळीतून सारखाच भाग मीडियात घालायचा. स्टॉक एकदा मीडियात घालून पुढे मीडियातच डायल्युट करत गेलं, तर प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ वेगळं पडतं आणि कंट्रोल कशाचा कंट्रोल आहे ते कळेनासं होतं.

मीडियात घातल्यावर प्लेट मायक्रोस्कोपखाली धरायची. पेशींसाठी नव्हे, स्फटिकांसाठी. ५० ते १०० मायक्रोमोलरला सुयांसारखे स्फटिक किंवा करडा गाळ दिसला, तर त्यावरच्या मात्रांचे आकडे निरर्थक आहेत. २० मायक्रोमोलरपर्यंतच विरघळणाऱ्या पदार्थाचा ईसी-५० (विषाणू निम्म्यावर आणणारी मात्रा) ऐंशी मायक्रोमोलर कसा निघेल?

डोळ्यांना न दिसणारे गोळेही असतात. काही रेणू पाण्यात एकत्र येऊन कोलॉइडी कण बनवतात आणि विकरं त्या कणांना चिकटून बंद पडतात. न्यूरामिनिडेजच्या चाचणीत ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून बघावं. रोध नाहीसा झाला तर तो गोळ्यांचा प्रताप होता. ही युक्ती नळीतल्या विकरासाठी, पेशींवर ट्रायटन ओतायचं नसतं. हळदीतल्या कर्क्युमिनची गोष्ट या बाबतीत शिकण्यासारखी आहे. ते असंख्य चाचण्यांत सक्रिय दिसतं, कारण ते अस्थिर आहे, प्रथिनांशी वाटेल तशी अभिक्रिया करतं आणि स्वतः प्रकाश शोषतं व फेकतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर पंचनामा केला, तरी ‘कर्क्युमिन अमुक विषाणूवर प्रभावी’ छापाचे लेख काही थांबलेले नाहीत.

न्यूरामिनिडेजच्या चाचणीचाच विषय आहे तर आणखी एक. सब्स्ट्रेट म्हणून म्युनाना हा पदार्थ वापरतात. विकराने तो तोडला की ४-मिथाइलअंबेलिफेरोन सुटतं आणि ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश दिल्यावर ४५० च्या आसपास चमकतं. पिवळट संयुगं, फ्लेव्होनॉइडं तर हमखास, हाच प्रकाश गिळतात. चमक घटली म्हणजे विकर थांबलं असं नाही. सुटं ४-मिथाइलअंबेलिफेरोन घेऊन त्यात फक्त संयुग घालावं. तिथेही चमक घटली तर विषाणूची बाजू ऐकण्याआधीच निकाल लागला.

यानंतर विषारीपणा. सीसी-५० म्हणजे निम्म्या पेशी मरतील ती मात्रा, ईसी-५० म्हणजे विषाणू निम्म्यावर येईल ती मात्रा, आणि पहिलीला दुसरीने भागलं की निवडकता निर्देशांक. सीसी-५० दोनशे आणि ईसी-५० दहा असेल तर निर्देशांक २०. दहाच्या खाली असेल तर पुढे जाण्यात फारसा अर्थ नसतो, माझं तरी तेच मत. पण हा भागाकार प्रामाणिक कधी? दोन्ही आकडे त्याच पेशींवर, त्याच मीडियात, तेवढ्याच तासांनी काढले असतील तेव्हाच. नेहमीची चलाखी, बहुतेकदा नकळत झालेली, अशी: विषारीपणा १० टक्के सिरममध्ये २४ तास बघितला आणि विषाणूवरचा परिणाम सिरमविना ४८ किंवा ७२ तास. सिरममधला अल्ब्युमिन संयुगाला धरून ठेवतो, त्यामुळे पेशींना ते सौम्य वाटतं. सिरम काढलं की तीच मात्रा पेशींना झोंबते. मग जो निर्देशांक ५० दिसत होता तो ४ वर येऊ शकतो. शोधनिबंधाच्या पद्धती विभागात आधी हेच शोधावं.

विषारीपणा मोजायला एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी जांभळं करतात ते रसायन, स्वस्त आणि सोयीचं: मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम, ३ ते ४ तास, मग जांभळे स्फटिक डीएमएसओमध्ये विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. अडचण अशी की क्षपणकारी संयुगं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, म्हणजे मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. पेशी नसलेले, फक्त मीडिया आणि संयुग असलेले काही वेल प्लेटमध्ये ठेवले की हे लगेच उघडं पडतं. शंका राहिली तर एटीपीवर (पेशीच्या ऊर्जारेणूवर) आधारित मापन करावं. आणि गच्च भरलेल्या थरावरच मोजू नये. विभाजन थांबवणारं संयुग तिथे निरुपद्रवी दिसतं. पातळ पेरलेल्या, वाढत्या पेशींवरही एकदा बघावं.

प्लाक मोजण्याची पद्धत जुनी आहे, पण हातात बसली तर तिच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही. सहा वेलच्या प्लेटमध्ये आदल्या संध्याकाळी वेलमागे सुमारे १० लाख पेशी पेरायच्या. सकाळी थर सलग दिसला पाहिजे, मध्ये भोकं नकोत. दोनदा धुवून विषाणूची दसपट डायल्युशनं, वेलमागे २०० मायक्रोलिटर. तासभर ३७ अंशांवर ठेवताना दर १०-१५ मिनिटांनी प्लेट हलकेच चारी बाजूंना कलवायची. हे विसरलं की वेलचा मध्य सुकतो, तिथल्या पेशी मरतात आणि रंग दिल्यावर मधोमध एक मोठा पांढरा डाग दिसतो. तो प्लाक नव्हे. मग दुप्पट तीव्रतेचा मीडिया आणि १.६ टक्के अगारोज समसमान मिसळून ओतायचं. अगारोज ४२ अंशांच्या आसपास आल्यावरच, आणि वेलच्या भिंतीवरून. गरम ओतलं तर पेशी भाजतात, थंड झालेलं ओतलं तर गुठळ्या होतात. ट्रिप्सिन या थरातही हवं आणि संयुगही. थर घट्ट झाला की प्लेट उलटी करून ४८ ते ७२ तास. बी प्रकारच्या विषाणूला ३७ अंश मानवत नाहीत, त्याला ३३ ते ३५ द्यावेत. शेवटी ४ टक्के फॉर्माल्डिहाइडने किमान तासभर स्थिर करून, अगारोज काढून, ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट.

हिशेब असा: दहाच्या उणे पाचव्या घाताच्या डायल्युशनला ४२ प्लाक, घातलेला विषाणू ०.२ मिलिलिटर. ४२ भागिले ०.०००००२, म्हणजे मिलिलिटरला २ कोटी १० लाख पीएफयू (प्लाक पाडणारे विषाणू). ३० ते १०० प्लाक असलेले वेल मोजायचे. त्याखाली योगायोगाचाच वाटा मोठा होतो. ५ प्लाकच्या मोजणीत दोनेक प्लाकची चूक स्वाभाविक असते, म्हणून ‘५ चे ३ झाले, ४० टक्के घट’ हे वाक्य लिहिताना पेन थांबला पाहिजे.

संख्येइतकाच आकारही बघायचा असतो. न्यूरामिनिडेज अडवणारी औषधं विषाणूला पेशीत शिरताना रोखत नाहीत, बाहेर पडताना अडकवतात. त्यामुळे प्लाकची संख्या जवळपास तेवढीच राहते आणि प्लाक बारीक होतात. नुसती मोजदाद केली तर चांगलं औषध नापास होतं. अशा कामासाठी एमडीसीके-सियाट१ या पेशी जास्त बऱ्या. त्यांच्यावर माणसाच्या श्वसनमार्गातल्यासारखं सियालिक आम्ल, म्हणजे विषाणू ज्याला चिकटतो ते, अधिक असतं.

तुलनेसाठी घेतलेल्या औषधातही गफलत होते. ओसेल्टामिवीर फॉस्फेट हे फ्लूचं औषध प्रोड्रग आहे, ते मुख्यतः यकृतात कार्बोक्सिलेट या सक्रिय रूपात बदलतं. प्लेटमध्ये यकृत नसतं. कॅप्सूलमधलं औषध थेट पेशींवर टाकायचं, ते दुबळं दिसलं की ‘आमचं संयुग ओसेल्टामिवीरपेक्षा सरस’ असं लिहायचं, हा प्रकार अजून अधूनमधून दिसतो. ओसेल्टामिवीर कार्बोक्सिलेटच घ्यायचं, आणि त्याच न्यायाने बॅलॉक्साविर या औषधाचं आम्लरूप. अमॅन्टाडिन हे जुनं औषध तर सहसा नकोच. विषाणूच्या एम-२ प्रथिनातल्या एस३१एन या बदलामुळे आजचे बहुतेक ए प्रकार त्याला जुमानत नाहीत, प्रयोगशाळेतली डब्ल्यूएसएन स्ट्रेनही नाही, आणि बी प्रकारावर ते मुळात चालतच नव्हतं.

संयुग कुठल्या टप्प्यावर काम करतं हे वेळ बदलून कळतं. विषाणूचं एक चक्र साधारण ८ ते १० तासांचं. संयुग संसर्गाच्या २ तास आधी देऊन धुऊन टाकायचं, विषाणूबरोबर द्यायचं, किंवा १, २, ४, ६ तासांनी द्यायचं, आणि सगळे वेल एकाच वेळी उचलायचे. यासाठी सगळ्या पेशींना एकदम संसर्ग व्हायला हवा. पेशीमागे १ विषाणू घातला तरी ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात. ३ घातले तर ५ टक्के. म्हणून इथे एमओआय (पेशीमागे विषाणू) ३ ते ५, आणि अनेक फेऱ्यांच्या प्रयोगाला ०.०१. पेशी पेरल्या तेवढ्या धरू नयेत. रात्रीत त्या वाढतात, म्हणून एक जादा वेल सकाळी ट्रिप्सिनने सोडवून मोजावा. प्रत्येक टप्प्याला माहितीतलं एक औषध शेजारी हवंच: प्रवेशाला बॅफिलोमायसिन ए१, आरएनएच्या टप्प्याला बॅलॉक्साविर आम्ल, बाहेर पडण्याला ओसेल्टामिवीर कार्बोक्सिलेट. आलेखात शेजारच्या औषधांच्या रेषा जागेवर नसतील तर आपल्या रेषेवर बोलू नये.

विषाणूबरोबर दिल्यावरच परिणाम दिसत असेल, तर संयुग विषाणूचं आवरणच फोडतंय का ते बघायचं. दोन्ही तासभर एकत्र ठेवायचं आणि मग पेशींवर घालण्याआधी किमान शंभरपट पातळ करायचं, इतकं की उरलेली मात्रा ईसी-५०च्या बरीच खाली जाईल. हे पातळ करणं गाळलं तर चाचणीला काही अर्थ उरत नाही. आवरण फोडणारं संयुग पेशीचं पटलही शाबूत सोडेलच असं नाही.

सगळ्यात फसवी यादी मात्र पेशीवर काम करणाऱ्या संयुगांची. एंडोसोमची आम्लता कमी करणारं काहीही प्लेटमध्ये इन्फ्लुएंझा रोखतं, कारण आम्लतेशिवाय हीमॅग्लुटिनिन आपला आकार बदलत नाही. मलेरियाचं क्लोरोक्विन त्यातलंच. पेशींमध्ये ते छान चालायचं. पण सिंगापूरमध्ये ते प्रतिबंधक म्हणून देऊन केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फ्लू टळला नाही. दुसरा गट पिरिमिडीन (आरएनएचे घटक) तयार होणं थांबवणाऱ्यांचा. पेशीला युरिडीन हा त्यातला घटक मिळाला नाही की विषाणूला आरएनए बांधायला माल मिळत नाही, आणि ईसी-५० नॅनोमोलरमध्ये उतरतो. मीडियात ५० ते १०० मायक्रोमोलर युरिडीन घालावं. परिणाम पुसला गेला तर लक्ष्य विषाणू नाही, पेशीचा कोठार आहे. आणि रक्तात युरिडीन आयतं असतंच, म्हणून शरीरात ही संयुगं बहुधा ढेपाळतात. पेशीवर काम करणाऱ्या संयुगासाठी कुत्र्याच्या पेशींवर थांबणंही बरोबर नाही. ए५४९ किंवा कॅलू-३ या माणसाच्या पेशींत, आणि जमल्यास हवेला उघड्या वाढवलेल्या श्वसनमार्गाच्या थरात तेच दिसलं पाहिजे.

आकडे लिहिताना टक्क्यांपेक्षा लॉग (दहापट घटीचं एकक) बरा. ९० टक्के घट ऐकायला भरघोस, पण ती १ लॉग आहे, ९९.९ म्हणजे ३. टीसीआयडी-५० सारख्या विषाणू मोजण्याच्या पद्धतीत तोच नमुना दोनदा मोजला तरी ०.३ लॉगचा फरक सहज पडतो, आणि ५० टक्के घट म्हणजे नेमका ०.३ लॉग. फक्त आरटी-पीसीआरवरही विसंबू नये. तो निकामी विषाणूचा आरएनएही मोजतो.

उंदरांकडे जाण्याआधी एक काम, जे नंतर करतात किंवा करतच नाहीत: संयुग रक्तात किती चढतं ते बघणं. प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा भाग कुठल्याच वेळी ईसी-५०ला शिवत नसेल तर त्या उंदरांना संसर्ग देण्यात अर्थ नाही. पुढे नेहमीची मांडणी म्हणजे ६ ते ८ आठवड्यांचे बाल्ब/सी उंदीर आणि पीआर८ ही १९३४ ची स्ट्रेन, भूल देऊन नाकातून. रोज वजन, १४ दिवस. घट २० ते २५ टक्क्यांवर गेली की नीतिसमितीने ठरवून दिल्याप्रमाणे प्राण्याला वेदनारहित मृत्यू. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी काही प्राण्यांच्या फुप्फुसातला विषाणू मोजायचा, कारण नुसत्या वजनावरून विषाणू घटला की फक्त दाह, हे ठरत नाही. या उंदरांत एमएक्स१ हे संरक्षक जनुक बिघडलेलं असतं, हेही ध्यानात असावं. फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात आजार माणसासारखा दिसतो. १९३३ मध्ये माणसाचा इन्फ्लुएंझा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटमध्येच.

संयुग संसर्गाआधी दिलं तर निकाल देखणे येतात. माणूस औषध मागतो तो ताप चढल्यावर, तेव्हा २४ आणि ४८ तासांनी सुरू केलेले गटही हवेत. आणि एक पिंजरा हमखास विसरला जातो: संसर्ग नाही, फक्त संयुग. काही संयुगांनी उंदीर खाणंच कमी करतात आणि वजन चौथ्या दिवसापर्यंत ८-१० टक्क्यांनी उतरतं. तो पिंजरा नसेल तर ही घट विषाणूच्या खात्यावर जाते आणि चांगलं औषधही निरुपयोगी ठरतं.